वाघीण आपला रूळ कशी शोधते
मालगाडीचे सुटे डबे, म्हणजे वाघिणी, इंजिनाशिवाय नेमक्या रुळावर कशा जातात, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटचं बेली यार्ड बघा, वाघिणी वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगळ्या करायची जागा, सुमारे ८ मैल लांब. यार्डात दोन कृत्रिम टेकाडं आहेत: पूर्वेकडे जाणाऱ्या मालासाठी ३४ फुटांचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यासाठी २० फुटांचं. इंजिन मागून हळूहळू रेटतं, माथ्यावर डबे जोडणारं कपलिंग सुटतं आणि वाघीण स्वतःच्या वजनाने उतरते. सांधे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा, आधीच लावलेले असतात. खरं कसब पुढे आहे: रुळालगतचे रिटार्डर चाकं दोन्ही बाजूंनी दाबून वेग इतका उतरवतात, की वाघीण उभ्या डब्यांना जेमतेम टेकावी. मला हे फार सुंदर वाटतं. आपल्या मुघलसरायलाही असंच टेकाडावरून वर्गीकरण चालायचं. पुढे एकाच मालाच्या अखंड रेक, म्हणजे न तोडता नेलेल्या सबंध गाड्या, थेट धावू लागल्या आणि ते काम ओसरलं.