अनुभव धागा: घरातले किडे आणि आपली पोरं

टिळकवाडीची_सून
परवा सासूबाईंनी परसातल्या कडीपत्त्याची फांदी तोडली, पानावर पाखरानं घाण केलीय म्हणाल्या आणि नळाखाली धरली. घाण चालायला लागली! सासूबाईंनी फांदी टाकली, लेकानं उचलली. पहिलीत आहे. तेव्हापासून लोणच्याची एक बरणी ओट्यावर, तोंडाला जुनी ओढणी, आत अळी. पहिले काही दिवस ती शिटेसारखीच दिसते, काळपट-पांढरी, म्हणजे पक्षी खायला जात नाही. मग कात टाकून हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि असला उग्र वास सोडते! लेक दिवसातनं दहा वेळा शिंगं काढायला लावायचा. शेवटी मीच ओरडले, तुला कुणी सारखं टोचलं तर?

त्यावरनं चिकोडीची शाळा आठवली. आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या खिशात काडेपेटी, काडेपेटीत बाभळीचा पाला आणि सोनकिडा. हिरवा, झगमगीत. एका सोनकिड्याला दोन पेन्सिली असा भाव होता. मास्तरांनी एकदा सगळ्या पेट्या टेबलावर उघडायला लावल्या, मग काय झालं असेल ते ओळखा.

तुमच्या घरी काय काय पाळलं, काय मेलं, काय उडालं, लिहा. भाजी चिरता चिरता लिहिलं तरी चालेल.

खानापूरकर
काजवे. वळीव होऊन गेला की जांबोटीच्या वाटेवर झाडंच्या झाडं लुकलुकतात. लेकीच्या हट्टापायी आठ-दहा धरून बाटलीत घातले, झाकणाला भोकं पाडली. रात्रभर उशाशी. सकाळी बघतोय तर नुसते तपकिरी किडे, चार मेलेले. दिवसभर बोलली नाही माझ्याशी. आता गाडीचे दिवे बंद करून उभं राहायचं फक्त. मैत्रीण कन्नड आहे तिची, ती मिंचुहुळ म्हणते, म्हणजे विजेचा किडा. आता आमच्यातपण मिंचुहुळच.

भाजीवाली_नव्हे
कडीपत्ता बाजारातला चालतो का?

टिळकवाडीची_सून
नको! त्यावर औषध मारलेलं असतं. आमच्या आधीच्या दोन अळ्या एका रात्रीत काळ्या पडल्या. परसातलाच घाला, नाहीतर लिंबाचा कोवळा पाला. तोही तिला चालतो.

मागावरचा_माणूस
वडगावात आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या माग. रेशीम हाताखालनं गेलं पण अळी बघितली नव्हती कुणी. पाहुण्यांकडनं पंधरा-वीस कोश आणले पोराला दाखवायला. म्हटलं बघ, एका कोशातनं सात-आठशे मीटर धागा निघतोय. पातेल्यात पाणी तापवलं, कोश सोडले, काडीनं ढवळलं, टोक सापडलं. पोरगं खूश. बाटलीला गुंडाळत बसलं अर्धा तास. धागा संपत आला तसा आत काहीतरी काळं दिसायला लागलं. "आबा, हे काय?" अळीच होती हो, पतंग व्हायला निघालेली, उकडलेली. "ती बाहेर कधी येणार होती?" म्हणाला. बाहेर आली असती तर कोश भोकाचा झाला असता, धागा तुटला असता, म्हणून आधीच उकळतात. हे मला सांगता येईना. आई मागावर होती. तिनं माग थांबवला आणि तिनंच सांगितलं, सरळ. मग उरलेले कोश आम्ही उकळले नाहीत, टोपलीत ठेवले. पांढरे जाडजूड पतंग निघाले, उडता येत नाही त्यांना, नुसते फडफडतात. आता टोपली कुठं ठेवू विचारालाय बायको.

मृगाचा_पाऊस
मखमली लाल मृगाचा किडा कुणी धरला नाही का? आमच्या छोटीनं भिंगातनं पाय मोजले, आठ निघाले. कीटकाला सहाच. म्हणजे कोळ्याच्या गोतातला की हो हा! एवढी वर्षं किडा किडा म्हणालो.

खानापूरकर
मृगानं शेवटी नाव बदलायला लावलं म्हणायचं 😄

निपाणीचे_आजोबा
तंबाखूच्या शेतातली माणसं आम्ही. अळी दिसली की चिरडायची एवढंच शिकलो. नातू आला आणि पानामागं अंड्यांचा पुंजका दाखवतोय, त्यावर कापसासारखी लव. हे आजोबा, हे पतंगानं पोटाची लव काढून पांघरूण घातलंय म्हणाला. चाळीस वर्षं शेत केलं, पान उलटून बघितलं नाही कधी. (बघितलं, पण चिरडायलाच.) चिरडलं तरीही हां, पीक आहे ते.

हिंदवाडी_२
फुलपाखरांचं बोलायचं तर 2015 साली महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग. बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटात दोन्ही दिसतात. सीमावादात त्यांना साक्षीला बोलवा कुणीतरी.

मागावरचा_माणूस
त्यांचं रेशनकार्ड कुठलं ते आधी विचारा.

भाजीवाली_नव्हे
माझा प्रयोग डासांचा. टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, वळवळ्या अळ्या दाखवायला. डोकं खाली, शेपटीची नळी पाण्यावर काढून श्वास घेतात. एकीनं दोन दिवसांत स्वल्पविरामासारखा आकार घेतला. पोरं शाळेत जायच्या आधी बघायची, आल्यावर बघायची. बाटलीवर फडकं बांधलं होतं. मोलकरणीनं ते धुवायला नेलं. पुढचं सांगत नाही. 🦟

हिंदवाडी_२
मोलकरणीला दोष नको, फडकं म्हणजे फडकं!

शहापूरची_ताई
विषयांतर करते, पण पावसात कपडे वाळत नाहीत आणि वर हे पतंग. आम्ही एक रात्र गच्चीवर धोतर टांगून मागं बल्ब लावला. अर्ध्या तासात पतंग, नाकतोडे, एक शेणकिडा. पोरांनी चित्रं काढली. सकाळी धोतरावर पिवळे डाग. सासरे अजून विचारतात. रिठ्यानं निघेल का?

निपाणीचे_आजोबा
रिठा नको, ऊन दाखवा.

टिळकवाडीची_सून
धागा वर काढते. महिना झाला. हिरवी अळी कडीपत्त्याच्या काडीला पाठीमागनं एक दोरा बांधून लटकली, मग कोश. अकरा दिवस. आज डब्याच्या घाईत, पावणेआठला कोश पारदर्शक झालेला, आतनं काळे पंख दिसायला लागले. मी लेकाला उठवायला गेले तेवढ्यात फाटला. बरणी अरुंद म्हणून काडी आधीच कुंडीत खोचली होती, नाहीतर पंख दुमडलेलेच राहतात म्हणे. ओले, सुरकुतलेले पंख. हळूहळू खाली सरळ झाले. फरशीवर तांबूस थेंब पडले, लेक किंचाळला, आई रक्त! रक्त नव्हे, आतला मळ आहे, म्हटलं. डबा विसरून शाळेला गेला. फुलपाखरू अजून कुंडीतच बसलंय, आणि सासूबाई दार लोटू देत नाहीत.