ओगे हारेइडे: खरंच मोठा प्रशिक्षक, की तयार ताटावर बसलेला?

डावखुरा_विंगर (धागाकर्ता)
नॉर्डिक फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे चर्चा हालांड आणि ओडेगार्डवर सुरू होते आणि तिथेच संपते. प्रशिक्षकांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हा धागा.

नॉर्वेच्या ओगे हारेइडेंनी हेल्सिंगबोर्ग (स्वीडन, 1999), ब्रॉन्डबी (डेन्मार्क, 2002), रोझेनबोर्ग (नॉर्वे, 2003) आणि माल्मो (स्वीडन, 2014) या क्लबांना लीग जिंकून दिली. म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, तिन्हीकडे विजेतेपद. शिवाय नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंडच्या राष्ट्रीय संघांची जबाबदारी. तरी इंग्लंड-जर्मनीतला एखादा क्लब नावावर नाही, म्हणून त्यांना दुसऱ्या फळीत ढकललं जातं. मला हे अजिबात पटत नाही. त्या भागात त्यांच्याइतकं कुणी मुरलेलं नाही.

खडूस_स्टॉपर
तीव्र असहमत. यादी छान आहे, पण क्लब कोणते ते बघा. रोझेनबोर्गने 1992 ते 2004 सलग तेरा वेळा लीग जिंकली. त्यातलं एक वर्ष हारेइडेंचं. त्या वर्षी खुर्चीवर कुणीही बसला असता तरी चषक आलाच असता. माल्मो 2013 चा विजेता संघ होता, हारेइडे जानेवारी 2014 मध्ये आले. ब्रॉन्डबीचं तर काय सांगायचं, डेन्मार्कमधल्या तालेवार घराण्यांपैकी एक. आता पडका संघ हातात आला तेव्हा काय झालं? 2009, स्वीडनचा ओर्ग्रीटे क्लब, थेट खालच्या विभागात.

डावखुरा_विंगर
हेल्सिंगबोर्ग सोयीस्करपणे गाळलंत! 1941 नंतर त्यांना लीग मिळालीच नव्हती. आणि नॉर्वेचा मोल्डे क्लब? 1994 मध्ये दुसऱ्या विभागात खेळत असताना त्यांनी नॉर्वेचा चषक उचलला, क्लबचा पहिलावहिला. प्रशिक्षक हारेइडे. पुढच्या वर्षी क्लाउसेनेंगेन नावाच्या छोट्या क्लबातून एक पोरगा आणून पुढे उभा केला, तो सोल्शार. वर्षभरात मँचेस्टर युनायटेडने नेला. याला तयार ताट म्हणतात?

स्कोनेतला_कुलकर्णी
नोकरीमुळे बरीच वर्षं माल्मोत आहे, म्हणून एक मुद्दा जो इथे अजून आला नाही: वेळापत्रक. स्वीडन आणि नॉर्वेत लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते. डेन्मार्कमध्ये उन्हाळ्यात सुरू, मध्ये हिवाळ्याची मोठी सुट्टी, शेवट पुढच्या वर्षी. माल्मो आणि कोपनहेगन जोडणारा ऑरसुंडचा पूल ओलांडला की प्रशिक्षकाचं अख्खं वर्ष उलटंपालटं होतं. खेळाडूंची तयारी कधी शिगेला न्यायची, विक्री कधी होणार, सगळंच बदलतं.

माल्मोची चॅम्पियन्स लीग याच चष्म्यातून बघा. पात्रता फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा स्वीडिश संघ ऐन भरात असतात. 2014 मध्ये ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्गकडून तिकडे 1-2 हरले, पण फोर्सबर्गने शेवटी एक गोल काढून जीव ठेवला. परतीच्या लढतीत 3-0. रोसेनबर्गचे दोन, मॅग्नस एरिक्सनचा एक. पुढच्या वर्षी परत साल्झबुर्ग, तिकडे 0-2, इथे पुन्हा 3-0! मग स्कॉटलंडच्या सेल्टिकलाही घरी पाठवलं. सलग दोन वर्षं गटफेरी. एवढी मिळकत स्वीडनमधल्या क्लबाला दुसऱ्या कुठल्या मार्गाने होणार? इथे 51 टक्के मतं सभासदांच्याच हातात राहतात, धनाढ्य मालक येऊन तिजोरी उघडेल ही सोय नाही. खेळाडू विकून घर चालतं. फोर्सबर्ग आणि किसे थेलिन जानेवारी 2015 मध्ये गेलेच.

खडूस_स्टॉपर
@कुलकर्णी, त्या दुसऱ्या गटफेरीत पुढे काय झालं तेही लिहा की. सहा सामने, केलेले गोल 1, खाल्लेले 21. माद्रिदमध्ये रेआल माद्रिदकडून 0-8. आणि त्या वर्षी लीगमध्ये पाचवे.

स्कोनेतला_कुलकर्णी
माद्रिदचा सामना 8 डिसेंबरचा. लीग ऑक्टोबरअखेर संपलेली. मधले पाच-सहा आठवडे युरोपातल्या दोन लढती सोडल्या तर सराव आणि मैत्रीपूर्ण सामने, आणि समोर रोनाल्डो. जुलैत जे वेळापत्रक पथ्यावर पडलं तेच डिसेंबरात अंगावर आलं. पाचव्या क्रमांकाचा बचाव मात्र करत नाही. दोन आघाड्या सांभाळताना घर मोकळं पडलं, हे खरं.

ग्लिम्टप्रेमी
माझं दोघांशीही भांडण आहे. फिरत राहणं हे कौतुकाचं कधीपासून झालं? प्रशिक्षक क्येटिल क्नुटसन 2018 पासून नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्ट क्लबात ठाण मांडून आहेत. आर्क्टिक वृत्ताच्या वरचं गाव. 2020, 2021, 2023, 2024 लीग, आणि 2025 मध्ये इटलीच्या लात्सियोला पेनल्टींवर हरवून युरोपा लीगची उपांत्य फेरी. एका जागी राहून पद्धत घडवणं आणि दर दोन वर्षांनी बॅग भरणं यात मी पहिल्याला शंभरदा निवडेन.

जुना_मैदानी
पोरांनो, इंग्लंडच्या रॉय हॉजसनला विसरलात. तोही इकडे फिरलेला प्रशिक्षक. हाल्मस्टाड, माल्मो, कोपनहेगन, वायकिंग, फिनलंडचा राष्ट्रीय संघ. 2001 साली हॉजसनच्या कोपनहेगनने हारेइडेंच्याच ब्रॉन्डबीला आपल्या घरच्या मैदानावर 3-1 हरवून लीग नेली. कोपनहेगनच्या झुमाने चेंडू छातीवर घेतला आणि गोलकडे पाठ करून हवेतच लाथ मारली. तो गोल शोधून बघा, बाकी कामं राहू द्या. पण पुढच्याच मोसमात ब्रॉन्डबीने लीग परत आणली, तीही हारेइडेंनीच.

आणि हॉजसनच्या जोडीचा बॉब हॉटन, ज्याने माल्मोला 1979 च्या युरोपियन कपच्या अंतिम फेरीत नेलं, तोच पुढे आपल्या भारताचा प्रशिक्षक झाला. 2011 च्या आशियाई चषकात आपण 27 वर्षांनी खेळलो ते त्याच्याच काळात. फिरत्या प्रशिक्षकांना नावं ठेवताना एवढं ध्यानात असू द्या.

डावखुरा_विंगर
वा काका! @ग्लिम्टप्रेमी, डेन्मार्कचं उदाहरण घ्या. हारेइडेंनी युरो 2020 ची पात्रता मिळवून दिली. महासंघाने मात्र 2019 मध्येच पुढचा प्रशिक्षक म्हणून ह्युलमांडचं नाव जाहीर करून टाकलं होतं. कोविडने स्पर्धा वर्षभर पुढे गेली, यांचा करार 2020 मध्ये संपला. डेन्मार्क उपांत्य फेरीत गेला, त्याचं कौतुक दुसऱ्याला. बॅग दरवेळी स्वतः भरलेली नसते. आणि सत्तरी गाठलेल्या माणसाने जून 2024 मध्ये आइसलंडला घेऊन वेम्बलीवर इंग्लंडला 1-0 हरवलं.

खडूस_स्टॉपर
मैत्रीपूर्ण सामना होता तो. मार्चमध्ये युक्रेनकडून 1-2 हरून आइसलंड युरोच्या बाहेर गेला होता. वेम्बलीवर हरलेला इंग्लंड महिनाभराने युरोची अंतिम फेरी खेळला.