वासोट्याला मुलांना न्यायचं असेल तर

दहा वर्षांच्या मुलाला कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्यावर नेऊ का, असं तुम्ही विचारलंत. जरूर न्या, पण दिवाळीनंतर. पावसाळ्यात तो बंदच असतो.

तुमच्या प्रश्नाला कुणीतरी 'आरामात निघा, चढ सोपा आहे' असं उत्तर दिलंय, ते मला पटत नाही. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून बोटीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची, मग कुठे चढ सुरू होतो. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, अंधाराच्या आत बोटीत परतावं लागतं. त्यामुळे घर पहाटेच सोडा. बोटीत मुलाला लाइफ जॅकेट मापाचंच घाला. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते मानेवरून निसटतं.

मला खरी काळजी वाटते ती आग्या माश्यांची. सह्याद्रीच्या कड्यांवर त्यांची मोहोळं असतात. अत्तर, डिओ अजिबात नको, धूर तर नकोच. आमच्यातल्या एकाने चढताना डिओ मारला होता आणि वर दोन माश्या त्याच्याभोवती घोंगावू लागल्या, तेव्हा पोटात गोळा आला. एक माशी चावली की तिच्या नांगीच्या वासाने बाकीच्याही धावून येतात. हात झाडत बसायचं नाही, तोंड-डोकं झाकून लांब पळायचं. नांगी नखाने लगेच खरवडून काढायची.

गडावरच्या बाबूकडा या खोल कड्यापाशी मात्र मुलाचा हात सोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. आणि वर रेंज मिळेल असं धरून चालू नका. परतायची वेळ घरी आधीच सांगून ठेवा.