बॅटरी मॉनिटर ९६ टक्के दाखवतोय आणि इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरी १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की वडिलांचं ऑक्सिजन मशीन (३५० वॅट) त्यावरच चालतं, त्यामुळे अजून किती वेळ चालेल हे नक्की कळावं म्हणून मागच्या आठवड्यात मी शंटवाला (शंट म्हणजे निगेटिव्ह केबलच्या वाटेत बसवायची, करंट मोजण्यासाठीची धातूची पट्टी) बॅटरी मॉनिटर बसवला आणि इन्व्हर्टरचं रिमोट पॅनेल त्यांच्या पलंगाजवळ भिंतीवर लावलं. काल रात्री लाइट गेली, मशीन चालू होतं, मॉनिटरवर ९६ टक्के आणि करंट फक्त २ अँपिअर, मी निर्धास्त झोपलो आणि दोन-अडीच तासांत पॅनेल बीप करायला लागलं, मिनिटभरात सगळं बंद. सिलेंडर भरलेला होता म्हणून निभावलं, पण हात थरथरत होते माझे.

जोडणी अशी आहे: बॅटरीच्या निगेटिव्हवरून शंट, शंटच्या पुढे डीसी दिवे आणि छोटा पंखा. इन्व्हर्टरची जाड निगेटिव्ह केबल शंटपर्यंत पुरली नाही म्हणून ती बॅटरीच्या टर्मिनलवरच ठेवली. मॉनिटरच्या कपॅसिटी सेटिंगला हात लावला नाही, आधीपासून २०० एएच आहे.

दुसरं म्हणजे, पॅनेलवरून इन्व्हर्टर ऑफ करून केबल सोडली तर चालतं ना? बसवताना ऑफच होतं, तरी पॉझिटिव्ह परत लावताना मोठी ठिणगी उडाली, लगच्या (केबलच्या टोकाची धातूची कडी) कडेला काळा खड्डा पडलाय.

प्रतिसाद

दादा, चूक त्या आखूड केबलमध्येच आहे. शंटमधून जे जातं तेवढंच मॉनिटर मोजतो. तुमचं मशीन बॅटरीतून ३३-३४ अँपिअर ओढत असणार, पण ते सगळं शंटला वळसा घालून जातंय आणि चार्जिंगही तसंच, म्हणून २ अँपिअर दिसले ते दिवे-पंख्याचे. बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच केबल हवी, शंटची. बाकी सगळ्या निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. जोड देत बसू नका, त्याच जाडीची लांब केबल लग क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) घ्या आणि बोल्ट घट्ट आवळा, ढिला राहिला तर तापतो.

पॅनेलच्या बटणाने इन्व्हर्टर फक्त आउटपुट देणं थांबवतो, केबलमध्ये बॅटरी जिवंतच असते. ठिणगी आतल्या कपॅसिटरची, ते रिकामे असले की जोडताक्षणी एकदम करंट खेचतात. आणि चार्जिंग नुकतंच झालं असेल तर बॅटरीतून हायड्रोजन निघालेला असतो, तिथे ती ठिणगी नको. तेव्हा आधी वडिलांना सिलेंडरवर घ्या, लोड काढा, मेन बंद करा, खिडक्या उघडून थोडं थांबा. हातातली अंगठी काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवर बॅटरीला लागून इन्व्हर्टरच्या पुस्तकात दिलेल्या रेटिंगचा फ्यूज नसेल तर तो आधी बसवा, शॉर्ट झाला तर ही बॅटरी हजारभर अँपिअर सहज सोडते. मॉनिटरच्या बारीक लाल वायरलाही वेगळा छोटा फ्यूज लागतो.

कपॅसिटी १५० करा, बॅटरी फुल चार्ज झाली की मॉनिटर १०० वर सिंक करा. नंतर लोड-चार्जिंग बंद ठेवून काही तासांनी व्होल्टेज बघा, १२.७ च्या आसपास असेल तर फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आणि खड्डा पडलेला लग बदला, तो तसाच वापरू नका.

धागाकर्ता

खूप आभार. इलेक्ट्रिशियनला बोलावून केबल, लग, फ्यूज सगळं बदललं, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. आता मशीन चालू केलं की मॉनिटर उणे ३४ अँपिअर दाखवतो. आज दिवसा मेन बंद करून तासभर चालवून बघितलं, टक्के डोळ्यांदेखत खाली येतात. आता ५० टक्क्यांना अलार्म लावलाय, वाजला की वडिलांना सिलेंडरवर घ्यायचं.