मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी मचाण स्वतः बांधावे की विकत घ्यावे?

नमस्कार. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात, मॅडिसनपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. तीन वर्षांपूर्वी घराबरोबर ११ एकरांचे रान मिळाले. त्यात बहुतेक ओक आहेत, थोडे शुगर मेपल आहेत आणि बांधाच्या कडेला वाळत चाललेले ॲश आहेत. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो मी केला आणि मागचा हंगाम शेजारच्या आजोबांच्या रानात, त्यांच्याच मचाणावर बसून काढला. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होईल, तेव्हा या वर्षी मला स्वतःच्या रानात बसायचे आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषयच उद्भवत नाही, म्हणून गावाकडे कोणाला विचारण्याची सोय नाही.

तसे मचाण मला नवे नाही. आमच्या सोलापूरकडच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की आजोबा चार मेढी रोवून मचाण उभारत आणि त्यावरून गोफणीने पाखरे हाकत. त्या आठवणीच्या जोरावर मी ठरवले होते की शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन ओकांना आडव्या फळ्या खिळ्यांनी ठोकाव्यात आणि वर बैठक करावी. शेजारच्या आजोबांनी ते ऐकताच मान हलवली. वाऱ्यात दोन झाडे एका तालात हलत नाहीत, त्यामुळे खिळे हळूहळू उपसून येतात. झाड जाड होत जाते तशी फळी ढकलली जाते, तिच्यामागे पाणी साचून लाकूड कुजते, आणि पुढे कधी तो ओक विकायचा झाला तर आत लोखंड असलेला ओंडका कोणताही गिरणीवाला घेत नाही. आमच्या आजोबांचे मचाण झाडाला कधी बांधलेले नव्हते, ते स्वतःच्या पायांवर उभे असे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

म्हणून आता चार खांबांवर उभे राहणारे, ८ फूट उंचीचे, कठडा आणि छप्पर असलेले मचाण प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेल्या) लाकडात बांधण्याचा विचार आहे. हिशेब मात्र उलटा निघतो. लाकूड, बोल्ट आणि पत्रा मिळून ४०० डॉलरच्या आसपास जातात, तर झाडाला पट्ट्यांनी आवळायचे १५ फुटी शिडीचे मचाण साधारण १५० ते २५० डॉलरमध्ये तयार मिळते. तरीही बांधण्याकडे ओढा आहे, कारण माझी बारा वर्षांची मुलगी सोबत बसणार आहे आणि शून्याखालच्या थंडीत तिला तीन बाजूंनी आडोसा हवा.

माझी अडचण अशी की इथे दंव जमिनीत ४ फुटांपर्यंत उतरते. खांब पुरले तर ते दर हिवाळ्यात थोडे थोडे वर उचलले जातील का? थंडीत लाकडी सांधे करकरतात, त्याला काय उपाय? शिवाय एक सहकारी आपले जुने शिडीचे मचाण ४० डॉलरला द्यायला तयार आहेत, पण त्याबरोबर ना माहितीपुस्तिका आहे, ना पट्ट्या कधीच्या आहेत याची खात्री. ते घ्यावे का?

उत्तर (मिशिगनहून)

खांब पुरू नका. सपाट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि चारही बाजूंनी जमिनीत अँकर घालून तणावे द्या, नाहीतर छपरात वारा शिरला की मचाण कलंडते. सांधे खिळ्यांऐवजी बोल्टने जोडले की करकर बरीच कमी होते. तयार लोखंडी मचाणही कुरकुरते, हे लक्षात असू द्या.

जुने मचाण घेतलेच, तर पट्ट्या सगळ्या नव्या घाला. उन्हाने त्या आतून विरतात आणि वरून दिसत नाही. वेल्डिंगच्या जोडांवर तडे झाकणारा ताजा रंग दिसला तर मुळीच घेऊ नका. वाळलेल्या ॲशला काहीही बांधू नका आणि त्याच्या खालीही बसू नका. ती झाडे पोखरणाऱ्या किड्याने मेलेली असतात आणि पूर्वसूचना न देता मोडतात.

माझे मत विचाराल तर या वर्षी बांधू नका. पांढऱ्या ओकाची फळे दर वर्षी सारखी धरत नाहीत, आणि हरणे फळे पडतील तिकडे वाट बदलतात. शिडीचे मचाण उचलून दुसरीकडे नेता येते, बांधलेले येत नाही. दोन हंगाम बसून पाहा, वारा कुठून येतो ते कळू द्या, मग हौसेने बांधा. दोघे बसू शकतील असे शिडीचे मचाण मिळते. त्यावर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत कपडे आणि बंदूकही धरायची असते. तोल जातो तो बसल्यावर कमी आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना जास्त, म्हणून जमिनीपासून वरपर्यंत लाइफलाइन (झाडाला बांधलेला सुरक्षेचा दोर) सोडा आणि पहिल्या पायरीपासून हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) तिच्या प्रुसिक गाठीला अडकवा; ही गाठ हाताने सरकते, पण झटका बसला की दोराला घट्ट आवळते. बंदूक रिकामी करून नंतर दोरीने ओढून घ्या.

मूळ लेखक

मनापासून आभार. फळांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मागच्या वर्षी हरणे ज्या ओकाखाली रोज दिसत होती, त्याच्याखाली या वर्षी एकही फळ नाही. तेव्हा दोघांचे नवे शिडीचे मचाण घेतो आणि लाकडाची यादी बाजूला ठेवतो. एकच राहिले: मुलीचे वजन ८० पौंडांच्या आत आहे आणि दुकानात पाहिलेले बहुतेक हार्नेस मोठ्यांच्या मापाचे आहेत. लहान मुलांसाठीचे हार्नेस कोणी वापरले असल्यास, जाड कोटावरून ते नीट आवळले जाते का, एवढे कृपया सांगावे.