ताज्या बर्फात स्नोमोबाइल चढावर का अडते? ट्रॅकचा वेग वाढवावा की आवरावा?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये मी गिअर आणि स्प्रॉकेटचे काम करतो, त्यामुळे इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते एवढे मला समजते. पण गुलमर्गला पाहिलेल्या एका गोष्टीचा उलगडा होत नाही. रात्रभर गोठून घट्ट झालेल्या बर्फावरून तेथील स्नोमोबाइल (पुढे स्की आणि खाली ट्रॅक, म्हणजे फिरता रबरी पट्टा, असलेली बर्फावरची गाडी), मागे प्रवासी बसलेला असतानाही, निम्म्या थ्रॉटलवर चढ सहज चढली. पुढे हिमवर्षाव होऊन गुडघाभर भुसभुशीत बर्फ साचल्यावर तसलीच गाडी त्याच चढावर अडली. चालकाने थ्रॉटल पूर्ण दाबला, मागून बर्फाचा फवारा उडाला, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागच्या अंगाने खाली बसत गेली. दुसरा एक चालक मात्र लांबून वेग घेऊन आला आणि तेवढाच फवारा उडवीत वर निघून गेला. ट्रॅक जोरात फिरणे चढाला उपयोगी आहे, की ती वाया जाणारी शक्ती आहे?

शिरोली_एमआयडीसी

आधी दोन वेग वेगळे करून घ्यावे लागतील. ट्रॅक स्वतःभोवती किती वेगाने फिरतो तो एक, आणि गाडी जमिनीवरून किती वेगाने सरकते तो दुसरा. घट्ट बर्फावर हे दोन्ही जवळजवळ सारखे असतात, भुसभुशीत बर्फात त्यांच्यात मोठी तफावत पडते.

ट्रॅकचा वेग काढणे तर तुमच्या रोजच्या कामातलेच आहे. समजा, ट्रॅकचा पिच, म्हणजे स्प्रॉकेटच्या एका दात्यामागे सरकणारे अंतर, 3 इंच आहे आणि त्याला फिरवणाऱ्या स्प्रॉकेटला 7 दाते आहेत. म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात ट्रॅक 21 इंच, सुमारे 53 सेंटिमीटर, सरकतो. इंजिन 8000 आरपीएमवर, क्लचचे गुणोत्तर एकास एक आणि चेनकेसमध्ये, म्हणजे साखळीच्या पेटीत, 21 व 49 दात्यांची जोडी धरली, तर शाफ्ट मिनिटाला सुमारे 3430 फेरे घेतो आणि ट्रॅकचा वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास येतो. चढावर भार वाढला की क्लचचे गुणोत्तर आपोआप खाली येते, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. ते दीडास एक झाले, तर इंजिन त्याच 8000 वर राहून ट्रॅक ताशी 73 किलोमीटरने फिरतो. गिअरलेस स्कूटरमधला व्हेरिएटर आणि बेल्ट ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला ही रचना नवी नाही. फक्त रोलरच्या जागी येथे फ्लायवेट, म्हणजे फिरताना बाहेर झेपावून क्लच दाबणारी वजने, असतात.

दुसरी गोष्ट उंचीची. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे, आणि टर्बो नसलेले इंजिन दर 300 मीटरला साधारण 3 टक्के शक्ती गमावते, म्हणजे तेथे पाव शक्ती हवेतच गेली. सपाटीच्या हिशेबाने लावलेले फ्लायवेट तेथे जड पडतात, इंजिन आपल्या सर्वोच्च शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि क्लच तरीही वरच्या गुणोत्तराकडे सरकतो. डोंगरातल्या गाड्यांना हलके फ्लायवेट लावतात ते यासाठीच.

राजारामपुरीकर

शिरोलीकरांचे गणित बरोबर आहे, पण फवाऱ्याचे उत्तर त्यात आले नाही.

ताज्या कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला 50 ते 100 किलो एवढीच असते, तर वाऱ्याने दाबून बसवलेल्या बर्फाची 350 ते 400 किलोपर्यंत जाते. घट्ट बर्फात ट्रॅकवरचे लग, म्हणजे रबरी उंचवटे, रुततात, समोरचा थर न तुटता त्यांचा रेटा सोसतो आणि गाडी पुढे जाते. तेथे ट्रॅक जास्त फिरवून काहीही हाती लागत नाही. भुसभुशीत बर्फ लगांसमोर लगेच तुटतो. मग गाडीला पुढे ढकलणारे बळ मुख्यतः तो बर्फ मागे फेकल्याच्या प्रतिक्रियेतून मिळते, आणि दर सेकंदाला किती किलो बर्फ किती वेगाने मागे गेला यावर ते ठरते. म्हणून अशा बर्फात ट्रॅकचा वेग हवाच, आणि डोंगरी गाड्यांचे लगही अडीच ते तीन इंच उंच ठेवलेले असतात.

मग पहिली गाडी का रुतली? ट्रॅक ताशी 73 ने आणि गाडी ताशी 30 ने जात असेल, तर जमिनीच्या प्रत्येक मीटरवरून ट्रॅकचे सुमारे अडीच मीटर जातात, आणि ट्रॅकचा टेकलेला भाग पाव सेकंदात पुढच्या न तुडवलेल्या बर्फावर पोहोचतो. गाडी उभी असताना ट्रॅक तसाच फिरवला, तर एकाच जागेवरून सेकंदाला 20 मीटर ट्रॅक धावतो, आणि तेव्हा ते निव्वळ उत्खनन होते. दोन्ही फवारे तुम्हाला सारखे दिसले, पण एक फवारा चालत्या गाडीचा होता आणि दुसरा खड्ड्यातून निघत होता.

शक्तीचाही हिशेब करून पाहा. गाडी आणि चालक मिळून 320 किलो धरले, चढ 30 अंशांचा आणि वेग ताशी 30 किलोमीटर, तर केवळ वजन वर उचलायला सुमारे 13 किलोवॅट, म्हणजे 17-18 अश्वशक्ती पुरते. आजच्या 850 सीसी डोंगरी गाड्या 160 च्या पुढे अश्वशक्ती देतात. उरलेली बहुतेक सगळी शक्ती बर्फ बाजूला सारण्यात आणि मागे फेकण्यात जाते. तेव्हा ती वाया जाते असे म्हणवत नाही. गाडी बर्फावर तरंगती ठेवण्याची ती किंमत आहे.

कळंबा_रोड

नोकरीनिमित्त काही हिवाळे कॅनडाच्या पश्चिम भागात काढले, त्यावरून थोडे सांगतो. राजारामपुरीकरांचे म्हणणे कोरड्या ताज्या बर्फापुरते मान्य आहे, पण ते वाचून कोणी सरसकट पूर्ण थ्रॉटलची सवय लावून घेऊ नये.

वसंतातला ओला बर्फ जड असतो, त्यामुळे लगांना मागे रेटायला भरपूर काही मिळते. अडचण रेट्याची नसून मागे खेचणाऱ्या अडथळ्याची असते, कारण स्कीला आणि ट्रॅकवरच्या बोगद्याच्या (ट्रॅक झाकणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला बर्फ चिकटून बसतो. तेथे कमी ट्रॅकवेग आणि अधिक ओढ देणारे लहान गिअरिंग मला बरे वाटले. शिवाय पहाटे गोठलेला थर दुपारी उन्हाने सुटतो, त्यामुळे सकाळी ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने दुपारी गाडी बुडते.

निव्वळ कडक बर्फावर उंच लगांची फक्त टोके टेकतात, वेगात ती तापून फाटू लागतात. त्याहून वाईट म्हणजे ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना आणि इंजिनाच्या कूलरला थंडावा उडत्या बर्फाकडूनच मिळतो. बर्फ उडाला नाही की तापमानाचा काटा चढतो आणि पट्ट्या वितळू लागतात. त्यासाठी स्प्रिंगच्या तारेसारखे दोन स्क्रॅचर खाली सोडतात. ते बर्फ खरवडून वर उडवतात.

आणि एक बर्फ असा, की त्यात कोणतीच युक्ती चालत नाही. उथळ थर आणि कडाक्याची थंडी असली, की तळाशी टोकदार, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. कारखान्याच्या गोदामात सांडलेल्या साखरेवर पाय ठेवल्यासारखे ते सरकतात, तुडवले तरी दबून बसत नाहीत, आणि ट्रॅक थेट जमिनीपर्यंत जातो.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. पाव सेकंद आणि 20 मीटर या तुलनेने गोष्ट नीट उमगली. आता एवढेच सांगा, की चढावर गाडी मध्येच अडली तर चालकाने नेमके काय करावे?

कळंबा_रोड

दादा, थ्रॉटल तत्काळ सोडावा. पुढे सरकण्याची चिन्हे नसताना दिलेला प्रत्येक जोर खड्डा खोल करतो आणि बेल्टला जळका वास आणतो. खाली उतरून ट्रॅकपुढचा आणि चढाकडचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा, गाडीचे तोंड स्की धरून उताराकडे वळवावे, आणि खालून पुन्हा वेग घेऊन यावे. अडेल असे वाटताच, वेग संपण्याआधीच वळून खाली येणे अधिक शहाणपणाचे.

मात्र हे सर्व हिमस्खलनाचा धोका नसलेल्या चढापुरते. बहुतेक घसरणारे थर 30 ते 45 अंशांच्या उतारावरच सुटतात, म्हणजे ज्या चढांवर चालक आपली कसोटी पाहतात नेमक्या त्यांवर, आणि वर सांगितलेला साखरेसारखा थर तळाशी असला तर ते सुटणे आणखी सोपे. एका वेळी एकानेच चढावे, अडलेल्याच्या मदतीला दुसरी गाडी त्याच उतारावर नेऊ नये, आणि ट्रान्सीव्हर (गाडले गेलेल्याचा शोध लागावा म्हणून संकेत देणारे यंत्र) अंगावर, तर फावडे व प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) पाठीवरच्या पिशवीत ठेवावे, कारण गाडीला बांधलेले सामान गाडीबरोबर गाडले जाते.