बुधवारच्या प्रार्थनेत आफ्रिकेसाठी नेमकं काय मागायचं?

जालन्याची ताई: सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीत या बुधवारी आफ्रिकेतल्या चर्चेससाठी प्रार्थना आहे अन् पाळकसाहेबांनी मलाच पुढं केलंय. नुसतं "प्रभू, आफ्रिकेला आशीर्वाद दे" म्हणून बसायचं का? कोणी मुद्दे सांगा ना.

बीडकर: ताई, देशाचं नाव घेऊन करा. सुदानात एप्रिल २०२३ पासून सैन्य अन् आरएसएफ नावाच्या निमलष्करी फौजेची लढाई चालू आहे, राजधानी खार्टूम सोडून लाखो लोक पळाले, त्यात मंडळ्याच्या मंडळ्या पांगल्या. नायजेरियात चिबोक गावच्या शाळेतल्या २७६ पोरी २०१४ ला उचलून नेल्या, काही अजून घरी आल्या नाहीत. आपल्या लेकरांना हे सांगा, लई शांत होऊन ऐकतात.

नांदेडवाला: आजाराचं विसरू नका. २०१४-१६ च्या इबोलात पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांच्या वर माणसं गेली, मयताला आंघोळ घालायची पद्धतच रोग पसरवायली होती, मग पाळकांनीच लोकांना समजावलं. आपल्याकडं कोरोनात मातीला चार माणसं नव्हती, आठवतंय ना?

लातूरची मावशी: नुसतं दुःखच नका सांगू बाई. इथिओपियाच्या मेकाने येसूस चर्चचे सभासद एक कोटीच्या वर गेलेत! एवढ्यांना शिकवायला माणसं पाहिजेत, तेबी मागा.

जालन्याची ताई: मावशी, हे तर डोक्यातच नव्हतं. वहीत लिहून घेतलं.